जागा गेली, म्हणाले

मला कळायला तीन घरं जावी लागली.

पहिलं गिरगावात. एजंटने फोनवर सगळं नीट विचारून घेतलं. माणसं किती, जागा कधीपासून हवी, नोकरी कुठे. मी सांगितलं, मी आणि माझे वडील, दोघंच. परळच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे, नोकरी पक्की. तो खूश झाला. मग म्हणाला, "आडनाव?" मी सांगितलं. "गाव?" मालवणकडचं, म्हटलं.  मग त्याने विचारलं, "नॉनव्हेज खाता काय, मॅडम?"

"रोज नाही," मी म्हणाले.

ते "रोज नाही" मला पुढे कितीतरी दिवस टोचत राहिलं. कुणी न पकडताच मी खिसे उलटे करून दाखवले होते. शिवाय ते खोटंही होतं. आमच्याकडे सोमवार आणि गुरुवार सोडले तर ताटात काही ना काही असतंच, सुका जवळा तरी. एजंटने "कळवतो" म्हणून फोन ठेवला आणि कळवलं नाही.

दुसरं घर दादरला. तिथे जागा बघायलाही मिळाली. बघून खाली उतरेपर्यंत निरोप आला, जागा गेली. तीच जागा, तेच फोटो, पुढे तीन आठवडे मोबाइलवर दिसत राहिले. मला वाटलं, एजंट आळशी आहे, जाहिरात काढायला विसरला असेल. माणूस स्वतःला किती छान समजावतो!

आमची घाई खरी होती. लालबागची आमची चाळ पाडायला घेतली होती. बिल्डरची नोटीस लागल्यावर शेजारी एकेक करून डोंबिवलीला, विरारला, कुणी सरळ गावाला निघून गेले. आम्हाला तसं जाता येत नव्हतं. बाबांना काचबिंदू आहे. एक डोळा पूर्ण गेलाय आणि दुसऱ्याने त्यांना फक्त उजेड आणि सावली कळते. पण लालबाग, परळ आणि दादरच्या अलीकडचा सगळा भाग ऐंशी वर्षांच्या ह्या माणसाच्या पायांना पाठ आहे. काठी टेकत ते एकटे बाजारात जातात, कोलंबी हाताने चाचपून घेतात, वाचनालयाच्या ओट्यावर जाऊन बसतात. कुणीतरी पेपर मोठ्याने वाचतो, ते ऐकतात. त्यांना डोंबिवलीला नेणं म्हणजे होता तो डोळाही काढून घेणं. म्हणून मी ठरवलं होतं, जागा लहान चालेल, जुनी चालेल, पण ह्याच पट्ट्यात.

तिसरं घर हिंदमाताजवळ सापडलं. साड्यांच्या दुकानांच्या मागच्या गल्लीत एक सहा मजली सोसायटी, दुसरा मजला, लिफ्ट. मालकीणबाई निवृत्त शिक्षिका, ठाण्याला मुलीकडे राहायच्या. जागा दाखवायला त्या स्वतः आल्या. बाबांनी भिंतीला हात लावत दोन खोल्या, मोरी, बाल्कनी सगळं फिरून पाहिलं आणि म्हणाले, "वारा खेळतो हो." बाईंना त्याचंच कौतुक वाटलं. मी ह्या वेळी आपणहून सांगून टाकलं, "आमच्याकडे मासे होतात." त्या म्हणाल्या, "होऊ देत ना. मी चातुर्मासात कांदा-लसूणसुद्धा खात नाही, पण दुसऱ्याच्या ताटात बघत नाही. ओटा तेवढा स्वच्छ ठेवा."

कराराचा मसुदा तयार झाला, नोंदणीसाठी अंगठे द्यायचा दिवस ठरला. आणि मग एजंट म्हणाला, "ताई, कमिटीला एकदा भेटून घ्या. फॉर्मॅलिटी आहे."

हा एजंट आमच्याच बाजूचा, लालबागमध्ये वाढलेला, तिशीतला मुलगा. त्याच्याबरोबर आम्ही दोघं तळमजल्यावरच्या सोसायटीच्या ऑफिसात गेलो. सेक्रेटरी आणि आणखी दोघं बसले होते. पाणी दिलं, बाबांना खुर्ची सरकवून दिली. सगळं अदबीने. सेक्रेटरींनी वही उघडली.

"मूळचे कुठले?"

मी सांगितलं.

"मिस्टर?"

"लग्न केलं नाही."

"अच्छा." लिहिलं. "घरी येणारं-जाणारं कोण असतं?"

"म्हणजे?"

"नाही, सहज. लेडीज एकटी म्हणजे विचारावं लागतं." मग बाबांकडे बघून म्हणाले, "काका काय करायचे?"

"मिलमध्ये होतो," बाबा म्हणाले.

"फिश वगैरे बनवता?"

"बनवतो," मी म्हणाले. ह्या वेळी पुढे काही जोडलं नाही.

सेक्रेटरी हसले. "आमच्याकडे सगळे एकाच विचाराचे लोक आहेत. वातावरण जपायला लागतं. बघू, कळवतो."

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये असताना एजंटचा फोन आला. "सॉरी ताई. जागा गेली."

"गेली म्हणजे? करार आपला ठरलाय."

"दुसरी पार्टी आली. मालकीणबाईंनी त्यांना दिली."

माझ्या शेजारच्या टेबलावरची सहकारी ऐकत होती. आडनाव ऐकलं की शाकाहारी घरातली हे सगळ्यांना आपोआप कळतं, अशी ती. तिने जेवणाच्या सुट्टीत माझा मोबाइल मागितला, एजंटचा नंबर आपल्या फोनवर लावला आणि स्पीकर चालू केला. हिंदमाताजवळ दोन खोल्या हव्यात म्हणाली, आडनाव सांगितलं. एजंट म्हणाला, "आहे ना मॅडम, दुसरा मजला, लिफ्ट. कमिटी जरा स्ट्रिक्ट आहे, पण तुमच्यासारख्यांना काही प्रॉब्लेम नाही. आज संध्याकाळी बघायला येता?"

तिने फोन ठेवला. आम्ही दोघींनी डबे उघडले आणि बराच वेळ एकमेकींकडे पाहिलंच नाही. मला वाटतं, तिला माझ्यापेक्षा जास्त लाज वाटत होती.

मग मी मालकीणबाईंना फोन केला. भांडायच्याच तयारीने केला. त्या उलट माझ्यावर रुसलेल्या. म्हणाल्या, "तुम्हाला नको होती तर मला सरळ सांगायचं. सेक्रेटरींकडून कळवायची काय गरज होती?"

"काय कळवलं त्यांनी?"

"तुम्ही नको म्हणालात म्हणून. वडिलांना जागा पसंत नाही."

वारा खेळतो म्हणालेला माणूस! मी त्यांना सांगितलं, आम्हाला काय सांगितलं गेलं ते.  मग त्या हळूच म्हणाल्या, "म्हणजे दोघींशी खोटं बोलले."

त्या संध्याकाळी मी एक वही विकत घेतली. आमच्या लॅबमध्ये पहिल्या दिवशी शिकवतात, जे लिहिलं नाही ते झालंच नाही. रक्त कधी काढलं, कुणी काढलं, किती वाजता मशीनला लावलं, सगळं त्याच वेळी लिहायचं, आठवून नाही. मी गिरगावच्या फोनपासून सुरुवात केली. तारीख, वेळ, कोण बोललं, काय शब्द वापरले. जे नक्की आठवत नव्हतं तिथे "नक्की आठवत नाही" असं लिहिलं. जाहिरातीचे फोटो काढून ठेवले. मग एजंटला साधा मेसेज केला, "कमिटीने नकार का दिला, तेवढं सांग."

तासाभराने त्याची व्हॉइस नोट आली. "ताई, तुम्हाला खरं सांगतो, ती व्हेज बिल्डिंग आहे. त्यात तुम्ही सिंगल, आणि फादर मिलवाले, म्हणजे त्यांना वाटतं पब्लिक कशी येईल घरी. मी बोललो त्यांना, चांगली लोकं आहेत. ऐकत नाहीत. तुम्ही मनाला लावून घेऊ नका, दुसरीकडे बघू."

मी ती नोट तीनदा ऐकली. वाईट वाटण्यापेक्षा एक प्रकारचा थंडपणा आला. आता हे माझ्या डोक्यातलं राहिलं नव्हतं. ते एका माणसाच्या आवाजात माझ्या हातात होतं.

पहिलं पत्र मी सोसायटीला लिहिलं, एका पानाचं. भेट कधी झाली, काय विचारलं, मालकीणबाईंना काय सांगितलं आणि आम्हाला काय. खाली एकच मागणी: नकाराचं कारण लेखी द्या. घेऊन गेले तर सेक्रेटरी हात पाठीमागे धरून उभे राहिले. "असलं काही आम्ही घेत नाही." मी वाद घातला नाही. तिथून सरळ पोस्टात जाऊन रजिस्टर केलं, पोचपावतीसकट. पावती वहीत चिकटवली. पोचपावती सही होऊन आली, उत्तर आलं नाही.

तोपर्यंत चाळ सोडायची वेळ आली. आमच्या हॉस्पिटलातल्या आयाबाईंनी रे रोडला एक खोली बघून दिली, तात्पुरती, लाकडाच्या वखारींच्या मागे. माणसं चांगली होती, पण दिवसभर करवतीचा आवाज, आणि भुसा अगदी भाताच्या टोपापर्यंत. बाबांना तिथला एकही रस्ता माहीत नव्हता. पहिल्या दिवशी ते काठी घेऊन दारापर्यंत गेले, ट्रकच्या हॉर्नला दचकले आणि परत येऊन खाटेवर बसले. दुसऱ्या दिवशी तर उठलेच नाहीत. मी कामावरून आले की विचारायचे, "वाचनालयात कोण वाचता आता पेपर?" मला कुठून माहीत असणार?

मी त्यांना तक्रारीचं सांगितलं, सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे अर्ज करतेय म्हणून. त्यांना ते अजिबात आवडलं नाही.

"गो बाय, जंय आपणांक नको म्हणतत, थंय कित्याक जावचा?"

"आपण काही वाईट केलंय का बाबा?"

"तसा नाय. पण राहूचा आसा थंय. भांडून रवतत काय कोण?"

मी चिडले. म्हटलं, तुम्ही आयुष्यभर मोर्चे काढलेत, युनियनच्या सभांना मला खांद्यावर घेऊन गेलात, आणि आज मला गप्प बस सांगताय?  बाहेर करवत थांबली होती, जेवणाची सुट्टी असावी. मग बाबा म्हणाले, "मीपण ह्याच केलंय एकदा."

मला वाटलं, भांडण म्हणतायत. तसं नव्हतं.

गिरणी संपाच्या आधी काही वर्षं ते आमच्या चाळीच्या कमिटीचे सेक्रेटरी होते. तेव्हा दुसऱ्या मजल्यावरची एक खोली रिकामी झाली. मिलमध्ये बाबांच्याच खात्यात, बाजूच्याच मशीनवर काम करणारा एक माणूस बायको आणि दोन मुलांना घेऊन खोली बघायला आला. तो आणि त्याची माणसं बौद्ध होती. बाबांना ते ठाऊक होतं, चाळीतल्या इतरांना आडनाव ऐकल्यावर कळलं असतं. कमिटीतले दोघंतिघं आधीच कुजबुजले होते. बाबा खाली गेले आणि जिन्यावरच त्याला म्हणाले, "जागा गेली रे. कालच गेली."

"आणि खोली?" मी विचारलं.

"दोन महिने रिकामी होती."

"मग त्याने काही विचारलं नाही?"

"नाय. रोज बाजूक उभो रवायचो. रोज बोलायचो माझ्याशी. डबो उघडलो की भाकरी पुढे करायचो. ह्यो विषय सोडून सगळा बोललो आयुष्यभर."

त्यांच्या आवाजात रडणं नव्हतं. त्यांनी ते वजनकाट्यावर ठेवल्यासारखं सांगितलं. मी मात्र दोन दिवस त्यांच्याशी नीट बोलू शकले नाही. चहा दिला, औषधाचे थेंब डोळ्यात घातले, पण बोलले नाही. ज्या माणसाच्या बाजूने मी उभी राहणार होते तोच समोरच्या खुर्चीतही बसून आला होता. अर्ज टाईप करून तयार होता आणि मला तो द्यायला जावंसं वाटेना. आपण कुठल्या तोंडाने मागायचं, हे सारखं मनात येत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाबा मला म्हणाले, "माझ्यासाठी थांबा नको. माझा चुकला तां माझा. त्या सेक्रेटरीचा चुकला तां त्याचा. आज दी अर्ज."

"तुम्हीच नको म्हणत होतात."

"मी नको म्हणत होतंय, कारण तू जिंकलंस तर माका माझा आठवत रवतला." मग जरा थांबून म्हणाले, "आठवांदे."

मी त्याच दिवशी अर्धी रजा टाकून उपनिबंधकांच्या कार्यालयात गेले. टेबलावरच्या क्लार्कने अर्ज वरखाली बघितला. "तुम्ही सभासद आहात?"

"नाही. भाड्याने घेणार होते."

"मग तुमची तक्रार कशी घेणार? सभासदाने करायला पाहिजे. आणि हे शाकाहारी-मांसाहारी आमच्याकडे येत नाही."

"ठीक आहे. 'घेत नाही' असं ह्यावर लिहून सही करून द्या."

तो माझ्याकडे बघत राहिला. मी पेन पुढे केलं. माझा हात रक्त काढताना असतो तसा स्थिर होता. त्याने उसासा टाकला आणि आवक शिक्का मारला. माझ्या प्रतीवरही मारला. "पण तारीख लागायला सभासदाचा अर्ज लागेल," तो म्हणाला, आता जरा मऊ आवाजात. "मालकाला आणा."

म्हणून मी ठाण्याला गेले. मालकीणबाईंनी पोहे केले, पण विषय निघाला तसा त्यांचा चेहरा उतरला. "अहो, मी म्हातारी बाई. वरच्या मजल्याचं पाणी माझ्या मोरीत गळतं, ते काम ह्यांच्याच हातात. उद्या विकायची झाली तर कागदपत्रं ह्यांच्याकडूनच. त्यांच्याशी वाकडं घेऊ कसं?"

मी त्यांना समजावायला गेले नाही. त्यांची भीती खरी होती. मी फक्त वही त्यांच्यासमोर ठेवली आणि व्हॉइस नोट ऐकवली. "फादर मिलवाले" ह्या शब्दांपाशी त्या थबकल्या. त्यांनी मला ते पुन्हा लावायला सांगितलं.

"तीस वर्षं मी परळच्या शाळेत शिकवलं," त्या म्हणाल्या. "माझ्या वर्गातली निम्मी मुलं मिलवाल्यांची. घर माझं, भाडेकरू मी निवडलेला. आणि माझ्याच घराबद्दल माझ्याशी खोटं? द्या इकडे पेन."

त्यांनी शिक्षिकेच्या अक्षरात स्वतःचा अर्ज स्वतः लिहिला. एक शब्द खोडला नाही.

तारीख लागायला वेळ गेला. मधल्या काळात एजंटचा फोन आला. सेक्रेटरींना नोटीस पोचली होती. "ताई, माझं नाव कशाला घातलंत? माझा त्या एरियात धंदा आहे."

"नाव घातलं नाही. तू पाठवलेला आवाज जोडलाय."

"तेच झालं ना!"

"हो, तेच झालं. मी एक शब्द खोटा लिहिलेला नाही. तू त्यात बोललास ते खोटं होतं का? तू माझ्या सहकारीला म्हणालास 'तुमच्यासारख्यांना प्रॉब्लेम नाही.' माझ्यासारख्यांमध्ये तूपण येतोस रे. तुझी आई काय शिजवते रविवारी?"

 त्याने फोन मात्र लगेच ठेवला नाही.

सुनावणीच्या दिवशी बाबा हट्टाने आले. इस्त्रीचा पांढरा सदरा, माझ्या खांद्यावर हात. मालकीणबाई ठाण्याहून आल्या होत्या. समोर सेक्रेटरी आणि त्यांचे वकील. अधिकारी एक पन्नाशीच्या बाई होत्या, चष्मा कपाळावर चढवलेला.

वकिलांनी सोसायटीचा ठराव पुढे केला. सर्वसाधारण सभेत मंजूर, फक्त शाकाहारी कुटुंबांनाच जागा द्यावी. अधिकाऱ्यांनी तो वाचला. "हे उपविधीत कुठे आहे?"

"सभेचा ठराव आहे मॅडम. एकमताने."

"मी विचारतेय, उपविधीत कुठे आहे? भाडेकरू ठेवताना सभासदाने सोसायटीला कळवायचं असतं. तुमची परवानगी मागायची असते असं कुठे लिहिलंय, ते दाखवा."

वकील पानं उलटत राहिले. मग सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, मुळात आम्ही नाही म्हटलंच नाही. जागा गेली होती, एवढंच सांगितलं. गैरसमज झालाय."

"कुणाला गेली होती?" मालकीणबाईंनी विचारलं. "कुलूप अजून माझंच आहे."

आणि तेवढ्यात बाबा उठून उभे राहिले. मला कळायच्या आत. काठी दोन्ही हातांत धरून, आवाजाच्या दिशेने तोंड करून. बाहेरच्यांशी बाबा नेहमी पुस्तकी बोलतात.

"मॅडम, मी चाळीचा सेक्रेटरी होतो. 'जागा गेली' म्हणजे काय, ते मला माहिती आहे. मीसुद्धा एका माणसाला सांगितलं होतं. तो दुसऱ्या जातीचा होता म्हणून. जागा गेली नव्हती. ह्यांचा गैरसमज झालेला नाही. असं सांगताना गैरसमज कधी होत नसतो. माणूस आधी विचार करतो आणि मगच सांगतो."

 अधिकारी बाईंनी चष्मा खाली ओढला. "बसा काका," त्या म्हणाल्या. मी त्यांचा हात धरून त्यांना बसवलं.  सेक्रेटरी टेबलाकडे बघत होते. मला त्या क्षणी त्यांचा राग आला नाही, ह्याचं मला आजही नवल वाटतं.

आदेश काही आठवड्यांनी लेखी आला. ठरावाच्या आधारे सभासदाला भाडेकरू ठेवण्यापासून अडवता येणार नाही आणि असा ठराव अमलात आणू नये, असं त्यात होतं. माफी नव्हती, दंड नव्हता. आम्हाला झालेला त्रास वगैरे शब्दही नव्हते. दीड पानाचा कागद. मी त्याच्या चार प्रती काढल्या. दुसऱ्याच आठवड्यात आम्ही अंगठे दिले आणि हिंदमाताच्या त्या जागेत राहायला आलो.

सगळं गोड झालं असं नाही. सेक्रेटरी समोर आले की मोबाइल बघतात. आमच्या मजल्यावरच्या एका बाईंनी पहिल्या रविवारी दारासमोर सुगंधी फवारा मारला. मी दार उघडून "गुड मॉर्निंग" म्हटलं, त्यांनी फवारा पदराआड घेतला. वरच्या मजल्यावरचं पाणी अजून मोरीत गळतं. त्याचंही मी रीतसर पत्र दिलंय, पोच घेऊन. दुसरीकडे चौथ्या मजल्यावरचे एक गृहस्थ लिफ्टमध्ये खालच्या आवाजात म्हणाले, "बरं केलंत. ठरावाला मीपण हात वर केला होता. सगळ्यांनी केला म्हणून केला."  मी मजल्याचं बटण दाबलं.

बाबांनी आठवड्याभरात वाटा जोडून घेतल्या. फाटक, डावीकडे साड्यांची दुकानं, इस्त्रीवाल्याच्या कोळशाचा वास आला की वळायचं. आता ते पुन्हा एकटे बाजारात जातात. त्यांच्या त्या मिलमधल्या सोबत्याचा मी शोध घेतला. जुन्या कामगारांकडून कळलं की तो दहा-बारा वर्षांपूर्वी गेला. मुलगा कुठे असतो ते कुणाला नक्की सांगता आलं नाही. बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त मान हलवली. तो भेटला असता तर त्यांनी त्याला काय म्हटलं असतं, ते मी विचारलं नाही.

गेल्या महिन्यात एजंटने पुन्हा फोन केला. मी जरा सावधच उचलला. म्हणाला, "ताई, एक काम होतं. एक मुलगी आहे, तुमच्याच लाइनची, नर्स. मुसलमान आहे. परळला जागा बघतेय. पाच ठिकाणी नाही सांगितलं. मीच नेलं होतं तिला, मला माहितीये काय बोलले ते." मग जरा घुटमळून म्हणाला, "तुमचा तो अर्ज पाठवता का? आणि लागलं तर मी लिहून देईन, काय बोलले ते. नावासकट."

मी म्हणाले, "अर्ज नुसता पाठवून उपयोग नाही. तिला शनिवारी दुपारी माझ्याकडे घेऊन ये. येताना वही आण म्हणावं. आणि जे आठवतंय ते आजच लिहायला बस म्हणावं, शनिवारची वाट न बघता."

ती आली. चोविशीची असेल. घाबरलेली नव्हती, थकलेली होती. आम्ही जेवणाच्या टेबलावर बसलो आणि पहिल्या घरापासून सुरुवात केली. बाबा बाल्कनीत बसून ऐकत होते. मध्येच त्यांनी आतल्या बाजूला मान वळवून विचारलं, "त्या माणसाने 'जागा गेली' म्हटलं, तेव्हा वाजले किती होते, बेटा?"

तिने आठवून सांगितलं, सव्वाअकरा. मी म्हटलं, "लिही." आणि तिने लिहिलं.